.३०३ सारखी दिसणारी आजोबांची .३१५ रायफल लष्करी असू शकते का?

आजोबांच्या पश्चात घरात राहिलेली, बीएसएचा (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या ब्रिटिश कंपनीचा) शिक्का असलेली .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास, इंचात) रायफल सैन्यातून आली असावी का, असे आपण विचारले आहे. तिची यंत्रणा लष्करी घराण्यातली आहे, रायफल मात्र पहिल्यापासून नागरी वापरासाठीच घडवलेली आहे.

बर्मिंगहॅमची बीएसए ब्रिटिश सैन्यासाठी .३०३ बोअरच्या ली-एनफील्ड रायफली बनवत असे. सैन्याची .३०३ काडतुसे चोरीला गेली तरी ती खासगी बंदुकांत चालू नयेत, म्हणून हिंदुस्थानात त्या बोअरवर बंदी होती. कंपनीने मग तीच बोल्ट-यंत्रणा (बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा, हाताने सरकवायचा दांडा) ठेवून ८ मिमी, म्हणजेच .३१५ इंची, काडतुसासाठी नळी बसवली. गंमत अशी की, हे ‘शिकारी’ काडतूसही मुळात ऑस्ट्रियाच्या सैन्याचे, मानलिखर रायफलीसाठी तयार झालेले. त्याच्या बुडालाही .३०३ प्रमाणेच बाहेर आलेली कड असल्याने यंत्रणेत मोठे फेरफार करावे लागले नाहीत.

लष्करी रायफलीचे लाकूड जवळजवळ नळीच्या तोंडापर्यंत जाते. आपल्या रायफलीत ते अर्ध्यावर संपून पुढची नळी उघडी दिसेल, आणि मॅगझिनमध्ये दहाऐवजी साधारणतः पाचच काडतुसे मावतील. रिकामी असल्याची खात्री जाणकाराने केल्यावर बोल्ट पुढे सारला, तर शेवटच्या इंचभरात हाताला जोर लागतो, कारण ली यंत्रणेत काडतुसावर आघात करणाऱ्या पिनेची स्प्रिंग बोल्ट बंद होताना ताणली जाते. माउझर ९८ या जर्मन रायफलीत ती उघडताना ताणली जाते. ली यंत्रणेतला बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे तो झपाझप चालतो, पण माउझरइतका ताठ राहत नाही, आणि म्हणून जबरदस्त दाबाच्या काडतुसांसाठी मी माउझरच श्रेष्ठ मानतो. बोल्टवरचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर बंदूक-कारागिराने तपासल्याशिवाय ती वापरू नये.

स्वातंत्र्यानंतर याच धर्तीची .३१५ रायफल बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागली. आजही .३०३ निषिद्ध बोअरमध्ये मोडते; .३१५ साध्या परवान्यावर मिळते.

तो परवाना मात्र आजोबांच्या नावाचा होता. त्यामुळे रायफल कपाटात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि मग वारस म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, शहरात राहत असल्यास पोलीस आयुक्तांकडे, परवान्यासाठी अर्ज करावा. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारसाने आलेली रायफलही त्यातच मोजली जाते.