स्कॉटलंडची बस-सहल: किती किल्ले, किती थांबे?

उन्हाळी सुट्टीचे बेत आखायचे दिवस आले, आणि या वेळी टपालात स्कॉटलंडच्या चौकशा सर्वांत जास्त निघाल्या. मराठी मंडळींचे गट घेऊन टूर मॅनेजर म्हणून मी त्या रस्त्यांवर बरीच वर्षं फिरले आहे, म्हणून हे सदर पूर्ण त्याच विषयाला देते.

ताई, आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. दोन टूर कंपन्यांची पत्रकं समोर ठेवून बसलो आहोत. एकीकडे सहा दिवसांत सोळा ठिकाणं आहेत. दुसरीकडे आठ दिवसांत जेमतेम आठ, आणि तीच सहल महाग! मुलगा म्हणतो पहिली घ्या. तुमचं मत काय? (नाशिक)

दुसरी घ्या. ठिकाणांची संख्या बाजूला ठेवा आणि बसमधून उतरून पायी फिरायला किती तास मिळतात, ते विचारा. पत्रकात ‘प्रवेश शुल्कासह’ असं लिहिलं असेल तरच किल्ल्याच्या आत जायला मिळतं. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. ‘पाहत पुढे प्रस्थान’ असेल तर बस थांबतच नाही. सोळा ठिकाणांच्या यादीवर या नजरेने पेन्सिलीने खुणा करा, म्हणजे त्यांतली खरोखर पाहायला मिळणारी ठिकाणं किती, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

रस्त्याचाही हिशेब घाला. एडिनबर्ग ते फोर्ट विल्यम अंतर साधारण २१० किलोमीटर. आपण मनात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे धरतो आणि अडीच-तीन तास म्हणतो. पण लॉक लोमंडच्या (लॉक म्हणजे तिथलं सरोवर किंवा खाडी) वरच्या अंगाला ए-८२ हा रस्ता एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी अशा चिंचोळ्या पट्टीतून जातो. समोरून ट्रक आला की बस जवळजवळ थांबते. ड्रायव्हरलाही कायद्याने बांधलेलं असतं: साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, आणि दिवसाचं चालवणं एरवी नऊ तासांच्या वर नाही. बसमधल्या टॅकोग्राफवर सगळं नोंदलं जातं. त्यामुळे सकाळी कुणी अर्धा तास उशिरा आलं, तर तो अर्धा तास संध्याकाळी भरून काढता येत नाही, पुढच्या एखाद्या थांब्यातून कापला जातो. सोळा ठिकाणांच्या सहलीत कापायला मोकळा वेळच उरलेला नसतो.

आणखी दोन गोष्टी बघा. लागोपाठ दोन रात्री एकाच हॉटेलात मुक्काम किती ठिकाणी आहे? रोज सकाळी बॅगा भरून सातला लॉबीत उभं राहणं तुमच्या वयाला चौथ्या दिवशी नकोसं होतं. आणि स्काय बेटाचा कार्यक्रम कसा बसवला आहे? इन्व्हर्नेसहून पोर्ट्री जवळपास १८५ किलोमीटर. जाऊन-येऊन एका दिवसात उरकणार असतील, तर बेटावरचा वेळ अगदी तोकडा राहतो. एक रात्र बेटावर असलीच पाहिजे. १९९५ पासून बेटाला पूल आहे, बस थेट जाते.

एकच किल्ला सावकाश पाहता येणार असेल, तर मी एडिनबर्गच्या आधी स्टर्लिंग सांगेन. एडिनबर्गचा किल्ला मोठा आहे, ज्वालामुखीच्या कातळावर बसलेला आहे, रविवार सोडून रोज दुपारी एकला तिथे तोफ डागतात, तेही पाहण्यासारखं. पण तिथे गर्दी फार. स्टर्लिंगच्या तटावर उभं राहिलं की इतिहास समोर पसरलेला दिसतो. १२९७ मध्ये विल्यम वॉलेसच्या सैन्याने इंग्रजांना हरवलं तो नदीकाठ एका अंगाला आणि १३१४ ची बॅनकबर्नची लढाई झाली तो मुलूख दुसऱ्या अंगाला. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा राज्याभिषेक याच किल्ल्यात १५४३ मध्ये झाला, तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. तुम्ही शाळेत इतिहास शिकवला असेल तर तिथून पाय निघणार नाही. निदान तीन तास मागून घ्या.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना न्यावं की नाही यावर घरात रोज चर्चा होते. त्यांना मनापासून यायचं आहे. (कोल्हापूर)

त्यांना यायचं आहे ना? मग न्या. फक्त कुठे काय आहे ते आधी माहीत हवं. एडिनबर्गच्या किल्ल्यात चढण आहे आणि वाट दगडी फरसबंदीची, ओली झाली की निसरडी. पण चालता न येणाऱ्यांना वर नेणारी किल्ल्याची छोटी गाडी असते, टूर मॅनेजरला आधी सांगून ठेवा. आयलन डोनन किल्ल्यापर्यंतचा पूल सपाट आहे, आतले जिने मात्र अरुंद. त्यांना पूल ओलांडून अंगणापर्यंत जाऊ दे. तीन लॉक जिथे मिळतात तिथे तो किल्ला उभा आहे आणि खरी शोभा बाहेरूनच दिसते. वॉलेस स्मारकाच्या गोल जिन्याला २४६ पायऱ्या आहेत, त्या वाटेला त्यांनी जाऊ नये.

लॉक नेसवर बोटीचा पर्याय मागा. अर्कहार्टचा पडका किल्ला पाण्याच्या अगदी काठाला असल्यामुळे बोटीत बसूनही छान दिसतो. आणि बसमध्ये जागा रोज बदलतात, तो नियम आहे, पण पायाचं दुखणं असलेल्यांसाठी पुढची जागा राखता येते. बुकिंगच्या वेळी हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. सहप्रवाशांनाही पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगा. आपली माणसं समजून घेतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कोणता महिना चांगला? पाऊस आणि त्या चावऱ्या माश्यांबद्दल ऐकून धास्ती वाटते. (डोंबिवली)

मे. पश्चिम किनाऱ्याला एप्रिल ते जून हा त्यातल्या त्यात कोरडा काळ, आपल्या मुलांच्या सुट्ट्याही तेव्हाच. महिनाअखेरीला इन्व्हर्नेसकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्या माश्या म्हणजे ‘मिज’, चिलटांएवढ्या. मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत त्यांचा काळ. त्या ओलसर, वारा पडलेल्या हवेत, सकाळ-संध्याकाळ निघतात, वारा सुटला की उडूच शकत नाहीत. मेच्या पहिल्या पंधरवड्यात फारसा त्रास होत नाही. हेदरची जांभळी फुलं पाहायची असतील तर ऑगस्ट, पण तेव्हा एडिनबर्गमध्ये महोत्सवांमुळे हॉटेलं महाग.

छत्री घरीच ठेवा, वाऱ्यापुढे टिकत नाही. टोपीचं जलरोधक जॅकेट बसमध्ये हाताशी हवं, बसच्या पोटातल्या बॅगेत नव्हे. शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो आणि प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आतच अर्ज करता येतो. मेमध्ये जायचं तर फेब्रुवारीत कागदपत्रं तयार हवीत.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी तर राहणार नाही ना? (सोलापूर)

नाही राहणार. हॅगिस हा तिथला मूळचा मांसाचा पदार्थ, पण मसूर-ओट्सचं शाकाहारी हॅगिस आता पुष्कळ ठिकाणी मिळतं, सकाळी ओटची लापशी असते, भाजलेला बटाटा कुठेही मिळतो. एका गोष्टीला मात्र जपा. डाळीचं सूप पाहून आपल्याला हायसं वाटतं, पण पारंपरिक पद्धतीत ते डुकराच्या हाडाच्या रशात शिजवतात. दर वेळी विचारा. खेड्यातल्या हॉटेलांत स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठला बंद होतं, त्यामुळे जेवणाची वेळ चुकवू नका. घरून चिवडा, चकली, मेतकूट, थेपले न्या. दुधाचे पदार्थ भारतातून नेण्यास तिथे बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच.

मी सह्याद्रीतले गड फिरतो. राजगड, तोरणा, हरिहर पाहिल्यावर बसमधून उतरून बघायचे किल्ले फिके वाटतील का? (ठाणे)

चढाईचा आनंद तिथल्या किल्ल्यांत नाही, तो शोधू नका. तो हवा असेल तर सहलीनंतर दोन दिवस फोर्ट विल्यमला राहून बेन नेव्हिस करा. १,३४५ मीटर, म्हणजे कळसूबाईहून कमी, पण सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून आणि माथ्यावर मे महिन्यातही बर्फ असतो.

किल्ले मात्र तुला ओळखीचे वाटतील. अर्कहार्टचा दरवाजा आणि बुरूज असा फुटका का? १६९२ मध्ये तिथली शिबंदी बाहेर पडताना बंडखोर जेकोबाइटांच्या (पदच्युत राजा जेम्सच्या पाठीराख्यांच्या) हाती किल्ला लागू नये म्हणून सुरुंग लावून गेली. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे उडवले, त्यामागेही हाच विचार होता. आयलन डोननवर १७१९ मध्ये युद्धनौकांनी तोफा डागल्या आणि मग तो सुरुंगाने उडवला. आज दिसतो तो १९११ ते १९३२ या काळात नव्याने बांधलेला. तू उभ्या भिंतींपेक्षा पडलेल्या भिंती वाचायला शिकला आहेस, ते इथे उपयोगी पडेल. आणि साताऱ्याला रेसिडेंट असलेला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ याच देशातला, ईशान्य किनाऱ्यावरच्या बान्फ गावचा.

ग्लेनकोला बस थांबेल, तेव्हा वाहनतळावर रेंगाळू नकोस, खालच्या वाटेने दरीत उतर. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे, पाहुणे म्हणून घरात उतरलेल्या सैनिकांनी यजमान मॅकडोनल्ड कुळातल्या ३८ जणांना मारलं. कितीतरी जण हिमात पळताना गेले. गाइड हे बसमध्ये माईकवर सांगतात. ते ऐकावं आणि मग पायी चालावं.

नुकतेच जाऊन आलो. डनरॉबिन किल्ला फार आवडला, ससाण्यांचे खेळही. पण सर्वांत आवडली ती शांतता! मैलोन् मैल माणूस नाही, घर नाही, नुसता निसर्ग. आपल्याकडे असं काही का राखलं जात नाही? (पुणे)

तुमचा आनंद मला कळतो. पण ते मोकळेपण राखलेलं नाही. त्या दऱ्यांत माणसं राहत होती, त्यांना उठवलं गेलं. हे डनरॉबिनच्या संदर्भात सांगितलंच पाहिजे, कारण १८९ खोल्यांचा तो किल्ला सदरलंड घराण्याचा.

१६ एप्रिल १७४६ ला कलोडनला सरकारी फौजेने जेकोबाइटांना हरवलं; लढाई तासाभराच्या आत संपली आणि हायलँड्सची, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाची, जुनी व्यवस्था मोडली. टोळीप्रमुखांचे न्यायदानाचे हक्क काढून घेतले, टार्टन (तिथलं चौकड्यांचं कापड) घालण्यावर १७८२ पर्यंत बंदी राहिली. तोवर प्रमुख आणि रयत एका कुळातली मानली जात, लढाईला माणसं देणं हाच मोठा खंड. पुढे प्रमुख नुसते जमीनदार झाले आणि मेंढ्यांना जमीन दिली तर पैसा जास्त, हे त्यांच्या लक्षात आलं. सदरलंडच्या जहागिरीत स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून १८१४ आणि १८१९ मध्ये कुटुंबांना हाकललं, छपरं पेटवली. कोणी किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर गेलं, कोणी जहाजाने कॅनडाला. पहिल्या ड्यूकचा प्रचंड पुतळा किल्ल्याजवळच्या टेकडीवर आजही उभा आहे. तुमच्या बसमधून तो नक्की दिसला असणार. १८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्हीच्या लोकांना घालवलं, तेव्हा ते क्रोइकच्या चर्चच्या आवारात उघड्यावर राहिले आणि खिडकीच्या काचांवर त्यांनी आपला मजकूर कोरून ठेवला. तो अजून वाचता येतो.

माझ्या वडिलांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. शिवसागरावर लोक बोटीत बसून ‘काय सुंदर आहे’ म्हणतात, आणि आहेच ते सुंदर. पण खाली कोणाची शेतं होती, हे आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. म्हणून हायलँड्सच्या रिकाम्या खोऱ्यात माझ्या गटाला मी हे सांगायचेच. सांगितल्यावर बसमधले फोटो थांबत नाहीत, पण प्रश्न सुरू होतात, आणि गवतातला एखादा दगडी चौकोन म्हणजे कोणाच्या तरी घराचा पाया आहे, हे दिसायला लागतं.

क्रोइकपर्यंत मोठी बस नेणं अवघड आहे, रस्ता एकेरी. पण इन्व्हर्नेस ते एडिनबर्गच्या ए-९ रस्त्यालगत न्यूटनमोरला हायलँड फोक म्युझियम आहे. १७०० च्या सुमाराची अख्खी वस्ती, गवताच्या ढेपळांच्या भिंतींची घरं, आत धुमसणारी चूल, सगळं उभं केलेलं. इसाबेल ग्रँट नावाच्या विदुषीने १९३५ मध्ये आयोना बेटावर या संग्रहाची सुरुवात केली. हिवाळ्यात ते बंद असतं, मेमध्ये उघडं. बहुतेक सहली त्याच्या शेजारून निघून जातात. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच तिथे दीड तासाचा थांबा मागावा. दहा-बारा जणांनी मिळून मागितला तर कंपन्या देतात, कारण वाट वाकडी करावी लागत नाही.