योग जोडीला, उपचाराच्या जागी नाही

ताई, लेकीला खाण्याचा विकार (ईटिंग डिसऑर्डर) आहे म्हणून योगवर्गाला घालताय ते चांगलंच. सावकाश श्वसन, शवासन, हलकी मालिश यांनी काहींची जेवणाआधीची धास्ती खरंच उतरते. पण मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ सोडायचे नाहीत. वजन फार घटलं असेल तर आसनंही डॉक्टरांना विचारूनच.

मला खरी काळजी चूर्णांची वाटते. सोनामुखी, एरंडेल, ‘पोट साफ’वाल्या पुड्या घरातून आजच काढा. वारंवार जुलाब झाले की रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. वनस्पतीची असली तरी. शरीरशुद्धी नको, उपवास नको, संकष्टीसुद्धा नाही. बाप्पा समजून घेईल.

आणि आपलं इंदूर! पाहुण्यांसमोर पोहे-जलेबीचा आग्रह कुणाला करू देऊ नका. ठरवून दिलेलं जेवण मात्र तिच्याशेजारी बसून, गप्पा मारत. चक्कर, धडधड दिसली तर थेट इस्पितळ. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६.