धरणातलं गाव पाण्याखाली जाऊन बघायचंय? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

चीनमधल्या पाण्याखालच्या शहराचे फोटो पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी किंवा काळम्मावाडी धरणात असं काही दिसेल का? (एक वाचक, कागल)

तुम्ही पाहिलेले फोटो बहुधा श्चेंग शहराचे असावेत. १९५९ साली छ्यानदाव तलावात ते बुडालं. आज ते साधारण २५ ते ४० मीटर खोल आहे. तिथे तासलेल्या दगडाच्या वेशी आणि कोरीव कमानी आहेत आणि फोटो मोठे दिवे लावून काढलेले असतात. इटलीतल्या कापो द’अक्वा तलावात जुन्या पाणचक्क्या लख्ख दिसतात, कारण तो तलाव झऱ्यांच्या पाण्यावर भरतो. आपली धरणं भरतात ती पावसाळ्यात डोंगरावरून आलेल्या तांबड्या पाण्याने.

आपल्याकडे गाव उठताना माणसं घर सोडून जात नाहीत, घर उतरवून नेतात. तुळया, वासे, कौलं, दाराच्या चौकटी सगळं गाडीत भरलं जातं. मागे उरतात त्या मातीच्या आणि जांभ्याच्या भिंती. मातीची भिंत पाण्यात दोन-चार वर्षांत बसते. जांभा टिकतो, पण मधली माती धुऊन गेल्यामुळे चिरे नुसते एकावर एक उभे असतात. त्यामुळे ‘रस्ते आणि घरं’ दिसतील या आशेने उतरू नका. दिसतात ती जोती, पायऱ्या, विहिरीचा काठ, जमिनीत पुरलेलं उखळ, आणि देऊळ काळ्या दगडाचं असेल तर त्याचे खांब. सगळ्यावर बोटभर ते वीतभर गाळ असतो. जोतं ओळखायचं तर गाळातल्या सरळ रेषा शोधा. निसर्गात काटकोन क्वचितच सापडतो.

पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यातला गाळ तोवर खाली बसलेला असतो. मार्चनंतर पाणी तापतं, शेवाळ वाढून हिरवट होतं. पातळी उतरली की उघड्या पडलेल्या काठाची माती लाटा पुन्हा पाण्यात ओढतात. उन्हाळ्यात खोल भागात तळाशी प्राणवायू संपलेला थरही तयार होतो. तिथे काळोख असतो आणि कुजक्या अंड्यांचा वास मास्कमधूनही जाणवतो. त्या थरात उतरायचं नाही.

उतरण्याआधी एक साधी चाचणी करा. वीस सेंटिमीटर व्यासाची थाळी घ्या, तिचे चार भाग करून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा आणि मीटरच्या खुणा केलेल्या दोरीने होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. ती दिसेनाशी होते तो आकडा लिहून ठेवा. दोन मीटरच्या आत दिसेनाशी झाली, तर त्या दिवशी अवशेषांकडे जाण्यात अर्थ नाही. हाताने चाचपडायलाच उतरायचं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते छंद म्हणून करायचं काम नव्हे.

आमचं जुनं गाव धरणात गेलं. आजोबा देवळाची जागा सांगायचे. ती आज किती खोल असेल, कसं काढायचं? (एक वाचक, गारगोटी)

वजाबाकीचं गणित आहे, पण दोन्ही आकडे एकाच पायावरचे हवेत. देवळाची जमीन समुद्रसपाटीपासून समजा ६२८ मीटरवर आहे आणि आजचं पाणी ६४० मीटरवर, तर खोली १२ मीटर.

घोळ होतो तो इथेच. राधानगरीची पातळी बातम्यांत फुटांत येते आणि धरण भरलं की ३४७.५० फूट असते. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा नाही. खुद्द कोल्हापूर शहरच साधारण १८०० फुटांवर आहे. तेव्हा तो आकडा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशातल्या उंचीतून वजा केला, तर उत्तर हास्यास्पद येईल. धरणाच्या शाखा कार्यालयात मीटरमधली पातळी विचारून घ्या.

जमिनीच्या उंचीसाठी १:५०,००० चा नकाशा ढोबळ पडतो. त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने असतात, म्हणजे चूक सहज आठ-दहा मीटरची. प्रकल्पाचा बुडित क्षेत्राचा नकाशा मिळाला तर उत्तम. भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा उंची देत नाही, पण गावठाण, वाटा आणि ओढे कुठे होते ते बिनचूक सांगतो.

त्याआधी एक फुकटचं काम करा. गूगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रहचित्रं बघता येतात. कमी पावसाच्या वर्षांतली मे महिन्याची चित्रं काढा. जोती, विहिरीचं तोंड, जुनी गाडीवाट बऱ्याचदा स्पष्ट दिसते. अक्षांश-रेखांश टिपून घ्या आणि होडीतून त्या जागेवर शिसं बांधलेली दोरी सोडून खोली मोजा. चित्रात देऊळ पाण्याबाहेर दिसत असेल, तर सिलिंडरचा खर्च कशाला? उजनीतलं पळसदेवचं देऊळ पाणी उतरलं की लोक चालत जाऊन बघतात. गोव्यात साळावली धरणातलं कुर्डी गाव उन्हाळ्यात उघडं पडतं. फक्त सुकलेल्या गाळाच्या पापुद्र्यावर पाय टाकण्यापूर्वी काठीने चाचपा. वरून कडक दिसतो, खाली कमरेइतका चिखल असू शकतो.

माझ्याकडे समुद्रात मिळवलेलं १८ मीटरचं प्रमाणपत्र आहे. धरणात उतरताना नेमकं काय बदलतं? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

पहिलं बदलतं ते वजन. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि सगळं सामान मिळून शंभर किलो भरत असाल, तर समुद्रात लावता त्यापेक्षा अडीच किलो शिसं कमी लावा. लोक मालवणचाच पट्टा बांधून उतरतात, दगडासारखे तळाशी जातात आणि गाळाचा ढग उठवतात. सिलिंडरमध्ये ५० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) उरले असताना बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जाकीट, रिकामं करून, साधा श्वास धरून पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं, तर वजन बरोबर. भरल्या सिलिंडरने तपासलंत तर दीड-दोन किलो वाढवा, कारण अॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत गेला की तरंगायला लागतो.

दुसरी गोष्ट उंचीची. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर कुठेही बुडी मारली की ती ‘उंचावरची बुडी’ धरतात, आणि आपली धरणं त्याच्या दुप्पट उंचीवर आहेत. ६०० मीटरवर हवेचा दाब साधारण ०.९४ बार असतो. डायल-काट्याचा खोलीमापक समुद्रपाण्यासाठी आणि समुद्रसपाटीच्या दाबासाठी आखलेला असतो, म्हणून तो इथे कमी दाखवतो. खरी खोली १८ मीटर असेल तेव्हा काटा १७ च्या आसपास असतो. डाइव्ह कॉम्प्युटर असेल तर ‘गोडं पाणी’ निवडा आणि काठावरच चालू करा, म्हणजे तो हवेचा दाब वाचेल. काही जुन्या कॉम्प्युटरांत उंची हाताने भरावी लागते. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नको. मुंबईहून किंवा कोकणातून त्याच सकाळी आलेल्याने काठावर सहा तास थांबूनच उतरावं, नाहीतर बुडीच्या तक्त्यात (खोली आणि वेळेवरून अंगात किती नायट्रोजन साठला ते गटांत सांगणारा तक्ता) दर ३०० मीटर उंचीमागे दोन गट पुढे धरावेत.

तिसरी गोष्ट पायांची, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. खोलीपेक्षा गाळ जास्त घात करतो. वर-खाली पाय मारले की फिनचा झोत सरळ तळावर आदळतो आणि अर्ध्या मिनिटात स्वतःचा हातही दिसत नाही. हा बारीक गाळ समुद्राच्या वाळूसारखा लगेच बसत नाही, तासन्‌तास तरंगतो. गुडघे वाकवून, पावलं वर ठेवून बेडकासारखे पाय मागे-बाहेर मारायचे आणि तळापासून किमान दीड मीटर वर राहायचं. काही नीट बघायचं असेल तर डोकं खाली, पाय वर. ही किक आधी पोहण्याच्या तलावात घोटवून घ्या.

होडीच्या नांगराच्या दोरीला रीळची दोरी बांधून ती सोडत जा, परतताना गुंडाळत या. हवेचा हिशेब तिसऱ्या हिश्श्याचा: एक जायला, एक यायला, एक राखीव. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २२०० लिटर हवा असते, म्हणजे हिस्सा सुमारे ७३० लिटर. १५ मीटरवर मिनिटाला ४८ लिटर लागली, तर जायला मिळतात पंधरा मिनिटं. तेवढ्यात एक देऊळ नीट बघून होतं, अख्खं गाव नाही.

जाळ्यांचा धोका खरंच असतो का? (एक वाचक, पन्हाळा)

असतो, मोठा असतो. तंगुसाची (नायलॉनच्या पारदर्शक धाग्याची) जाळी पाण्यात दिसतच नाहीत आणि अवशेषांच्या दगडांना अडकून तुटलेले तुकडे वर्षानुवर्षं तिथेच राहतात. मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांना आदल्या दिवशी विचारा, जाळी कुठे टाकली आहेत ते तेच सांगू शकतात. दोन कटर ठेवा, एक छातीशी आणि एक हाताच्या पट्ट्याला. पायाला बांधलेला सुरा शोभेपुरता, कारण अडकतो पायच. अडकलात तर गरगर फिरू नका. थांबा, जोडीदाराला खूण करा, त्याला मागून कापू द्या.

भिंतीला टेकू नका, कोनाड्यात हात घालू नका. विहिरीत किंवा देवळाच्या गाभाऱ्यात शिरणं म्हणजे गुहेत शिरणं, आणि त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं.

काळम्मावाडीत थेट पाइपलाइनच्या जॅकवेलजवळ (कोल्हापूर शहरासाठी पाणी उचलायच्या विहिरीजवळ) बुडी मारता येईल का? (एक वाचक, फुलेवाडी)

नाही. जिथून पाणी ओढलं जातं ती जागा वरून शांत दिसते, म्हणूनच फसवते. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला सुमारे दहा टन. पलीकडे दाब नसलेल्या वीतभर चौकोनी भोकावर पाठ किंवा हात टेकला, तर जवळपास चारशे किलोंचा जोर बसतो. चार माणसं मिळूनही सोडवता येत नाही. सांडवा, विमोचक (धरणातून पाणी सोडायचं दार), वीजगृहाचं तोंड या सगळ्यांना हेच लागू. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तर पातळी गाठली की आपोआप उघडतात, कुणाच्या हुकुमाची वाट बघत नाहीत.

परवानगी कोणाची लागते? तळाशी सापडलेलं जातं वर आणलं तर चालेल का? (एक वाचक, राधानगरी)

जलाशयासाठी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागते. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचीही लागते. हे अभयारण्य १९५८ सालापासूनचं आहे, तेव्हा ‘आम्ही इथलेच’ हे उत्तर चालत नाही. स्थानिक पोलीस ठाण्याला कळवून ठेवा. पाणी पिण्याचं आहे, म्हणून पेट्रोलचा कॉम्प्रेसर काठापासून लांब ठेवा.

जातं वर आणू नका. ते ज्या घराचं होतं ती माणसं पुनर्वसनाच्या गावात आजही आहेत. फोटो काढून त्यांना दाखवा, कोणाच्या परड्यातलं ते तेच सांगतील.

मालवणला बुडी मारून त्याच दिवशी कोल्हापूरला परत येतो. काही बिघडतं का? (एक वाचक, इचलकरंजी)

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळून साठतो, आणि लगेच उंचावर, म्हणजे कमी दाबात गेलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानप्रवासाबद्दलचा प्रचलित नियम असा: एका साध्या बुडीनंतर १२ तास, दिवसात अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस बुड्या झाल्या तर १८ तास. तो नियम साधारण ६०० मीटर उंचीपासून लागू धरतात. गगनबावडा आणि आंबोली त्याच्या वरच आहेत, म्हणजे दोन तासांत गाडीने तुम्ही त्या उंचीवर पोचता.

पर्यटकांना हात धरून पाच-सहा मीटरवर फिरवून आणतात, त्यात नायट्रोजन फारसा साठत नाही. पण प्रमाणपत्र घेऊन १५-१८ मीटरच्या दोन-तीन बुड्या मारल्या असतील, तर रात्री मालवणातच मुक्काम करा. घाटात किंवा घरी आल्यावर खांदा-कोपर ठणकणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, चक्कर, लघवीला अडणं यांपैकी काहीही झालं तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपू नका. आडवं पडा, घट्ट मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करायला लावा, पाणी प्या आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की काल स्कुबा केलंय, नाहीतर तपासणी मणक्याच्या दुखण्याकडे जाते. पुन्हा पाण्यात उतरून बरं करण्याचा प्रयत्न अजिबात नको. अशा रुग्णाला दाबकक्ष (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणारी बंद खोली) लागतो, आणि तो अनुभवी हातांखाली मुंबईत नौदलाकडे आहे. तिथे हलवायचं तर रस्त्याने घाट चढून, किंवा विमानाने. दोन्हींत उंची पुन्हा आलीच, म्हणून वाटेतही ऑक्सिजन सुरूच ठेवावा लागतो.