वाचक विचारतात: कृपादाने आणि प्रीती

या वेळच्या बहुतेक पत्रांत प्रार्थनासभेतल्या कुरबुरी आहेत, म्हणून चार प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरे मुख्यतः बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12 ते 14 या अध्यायांच्या आधारे दिली आहेत. त्यातला तेरावा, प्रीतीवरचा अध्याय आपण लग्नात हौसेने वाचतो. प्रेषित पौलाने मात्र तो कृपादानांवरून, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या वरदानांवरून, एकमेकांना कमी लेखणाऱ्या मंडळीला (चर्चला) लिहिला होता. मागचा-पुढचा अध्याय सोडून वाचला की त्याची धार जाते.

प्रश्न: आमच्या शुक्रवारच्या घरगुती सभेत एक ताई माइक हातात आला की बराच वेळ अन्य भाषेत (आत्म्याच्या प्रेरणेने येणाऱ्या, न शिकलेल्या भाषेत) प्रार्थना करतात. अर्थ कुणालाच कळत नाही. तरुण मुले हसतात, नवी माणसे घाबरतात. मंडळीचे काही वडील (जबाबदार ज्येष्ठ) म्हणतात, हे बंदच करून टाका. काय करावे? (एक वाचक, जालना)

बंदी घालू नका. अन्य भाषांमध्ये बोलण्यास मनाई करू नका, असे 14:39 मध्ये स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच अध्यायात मर्यादाही आखून दिली आहे (14:27-28). एका सभेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही एकामागून एक, आणि कुणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहून स्वतःशी आणि देवाशी बोलावे. पौल स्वतः या भाषांत इतरांपेक्षा जास्त बोलत असे. तरी मंडळीत न समजणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बोललेले बरे, असे तो म्हणतो. तेव्हा ताईंचे कृपादान खरे की खोटे, यावर वाद घालत बसू नका. शेजारी बसलेल्या माणसाची त्यातून उन्नती झाली का, हे विचारा.

‘आत्मा आला की मला आवरत नाही,’ असे त्या कदाचित म्हणतील. पण अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहा, ही आज्ञा ज्याला थांबता येते त्यालाच देता येते.

आता सांगायचे कसे? सभेत सर्वांसमोर नाही आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. महिला मंडळातल्या ज्या वयस्क बाईंचा त्यांना आदर वाटतो, त्यांनी घरी जाऊन, चहा घेता घेता बोलावे: ‘ताई, तुमची प्रार्थना देव ऐकतो. पण परवा आलेल्या त्या नव्या बाई शेवटपर्यंत मान खाली घालून बसल्या होत्या. सभेत आपण मराठीत प्रार्थना करू या, म्हणजे त्यांनाही आमेन म्हणता येईल.’ हा आमेनचा मुद्दा पौलाचाच आहे (14:16). ज्याला कळतच नाही, तो आमेन कसा म्हणेल?

दुसरी गोष्ट माइकची. दहा बाय बाराच्या खोलीत वीस माणसांना माइक लागत नाही. तो फक्त वाचन आणि उपदेशासाठी ठेवा, किंवा काढूनच टाका. निम्मी अडचण तिथेच सुटेल. प्रार्थनेची वेळही ठरवून घ्या. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे असली की लाजणारी माणसेही तोंड उघडतात.

आणि हसणाऱ्या मुलांनाही सांगा. प्रीती उद्धटपणे वागत नाही, हे वचन त्यांच्यासाठीही आहे. 1905 साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली, तेव्हा मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत. मोठा आवाज, अश्रू हे आपल्या मराठी मंडळीला परके नाहीत. त्या मुली नंतर गटागटाने आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला गेल्या. सभेतली प्रार्थना अशी बाहेरच्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे.

प्रश्न: एका प्रार्थना करणाऱ्या बंधूंनी आम्हाला संदेश दिला की, आमच्या मुलीचे लग्न अमुक मुलाशीच व्हावे अशी देवाची इच्छा आहे, उशीर केला तर आशीर्वाद जाईल. मुलीची तयारी नाही. नकार दिला तर देवाचा अवमान होईल का? (एक आई, सोलापूर)

नाही होणार. बाई, आधी निर्धास्त व्हा. संदेश पारखून घेणे हीच देवाची आज्ञा आहे: संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी निर्णय करावा (14:29). जो तपासू देत नाही, तो या वचनाच्या विरुद्ध वागतो.

त्या बंधूंचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह वहीत लिहून ठेवा. तोंडी राहिले की महिनाभरात ते बदलतात आणि ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ ऐकावे लागते. मग पाळक आणि दोन वडिलांना दाखवा, त्या बंधूंनाही तिथे बोलवा. तीन गोष्टी पाहा. संदेशाने उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन झाले का (14:3)? तुमच्या घरात तर भीती शिरली आहे. घाई केली जात आहे का? प्रीती सहनशील आहे. ‘लगेच करा, नाहीतर’ ही तिची बोली नव्हे. आणि सांगणाऱ्याचा त्यात काही लाभ आहे का, म्हणजे नातेसंबंध, पैसा किंवा वजन?

मुलीचे म्हणाल, तर उत्पत्तीचा 24 वा अध्याय तिच्यासोबत बसून वाचा. अब्राहामाच्या सेवकाने विहिरीपाशी प्रार्थना केली, मागितली तशीच खूण मिळाली, घरच्यांनीही ही गोष्ट परमेश्वराकडून आहे असे मान्य केले. एवढे होऊनही निघायच्या वेळी त्यांनी रिबकेला बोलावून विचारले, ‘या मनुष्याबरोबर जातेस काय?’ ती ‘जाते’ म्हणाली, मग तिला पाठवले. तुमची मुलगी ‘जाते’ म्हणत नाही. विषय तिथे संपतो.

ज्यांना संदेश देण्याचे दान आहे त्यांना कळकळीची विनंती: ‘देव म्हणतो’ऐवजी ‘मला असे वाटते, तुम्ही पारखून पाहा’ असे म्हणा. लग्न, नोकरी, जमिनीचा व्यवहार यांबाबत तर एकट्याने कुणाच्या घरी जाऊन सांगूच नका. आधी पाळकांशी बोला.

प्रश्न: माझ्या भावाला लहानपणापासून टाइप 1 मधुमेह आहे. प्रार्थना झाली, आता इन्सुलिन घेणे म्हणजे अविश्वास, असे त्याला सांगण्यात आले. (एक वाचक, पुणे)

इन्सुलिन एकही दिवस बंद करू नका. टाइप 1 मधुमेहात ते थांबले तर एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकते. बंद केलेच असेल तर आज, आत्ता डॉक्टरांना गाठा. उलट्या, धाप, पोटदुखी किंवा गुंगी दिसली तर थेट रुग्णालयात न्या.

बरे करण्याचे दान आम्ही मानतो. याकोब 5:14 प्रमाणे वडिलांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करू द्या. पण पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारीच ठेवले, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि प्रिय वैद्य लूक त्याचा सोबती होता. औषध बदलायचे ते डॉक्टरांनी, तपासणी करूनच. आणि प्रार्थनेनंतर बरे वाटले नाही म्हणून रुग्णाच्या विश्वासात खोट काढणे, यात तर प्रीतीचा लवलेशही नाही. आधीच आजाराने वाकलेल्या माणसावर अपराधाचे ओझे टाकणारा आणखी कोणते दान मिरवणार?

प्रश्न: मला गाता येत नाही, बोलता येत नाही. मी सतरंज्या घालते, चहा करते. माझे कृपादान कोणते? (एक वाचक, अहिल्यानगर)

साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे ही दाने 12:28 मध्ये रोग बरे करण्याच्या शेजारीच लिहिली आहेत. रमाबाईंचे मराठी बायबल मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुली-बायकांनी छापले. त्यांतल्या किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या भरून दान सापडेलच असे नाही. रोमकरांस 12, 1 करिंथकरांस 12 आणि इफिसकरांस 4 इथल्या याद्याच एकमेकींशी जुळत नाहीत. कुठलीही यादी पुरी नाही. सभेत शिरल्यावर तुमचे लक्ष आधी कशाकडे जाते, ते पाहा. कोण आले नाही हे तुम्हाला चटकन जाणवत असेल, तर आजाऱ्यांच्या भेटीचे काम तीन महिने करून पाहा. सोबत एक जण घ्या, जाण्याआधी फोन करा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. आजाराची चौकशी आणि दुसऱ्यांच्या आजारांच्या कथा टाळा. स्तोत्र 23 किंवा 121 वाचा, थोडक्यात प्रार्थना करा आणि जेवणाचा डबा ठेवून या. तीन महिन्यांनी पाळकांना आणि ज्यांच्याकडे गेलात त्यांतल्या एका-दोघांना विचारा, आधार वाटला का? सतरंज्यांचे काम तोवर एखाद्या तरुण मुलाला शिकवा.