पहिला बार सुखरूप निघाला, म्हणून काय सिद्ध झालं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पॉइंट ५० ब्राउनिंगच्या (जड मशिनगनच्या) काडतुसासाठी घरीच रायफलचा नमुना बनवलाय, पहिला बार दोरी ओढून लांबून काढायचा, टिकली तर खांद्याला लावायची; तर दारू किती कमी भरून सुरुवात करावी?

दारूचा आकडा मी देणार नाही. दुसऱ्या कुणी दिला तरी घेऊ नका. गोम आकड्यात नाहीच, ती तुमच्या त्या ‘टिकली तर’मध्ये आहे.

आधी हे काडतूस काय चीज आहे ते बघा. चेंबरमधला (काडतूस बसतं त्या खोबणीतला) दाब साधारण हवेच्या दाबाच्या ३,७०० पट. केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडाचं क्षेत्रफळ धरून ढोबळ हिशेब केला, तर बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दट्ट्यावर) मागच्या बाजूला ९ ते १२ टनांचा रेटा येतो, तोही मिलिसेकंदाच्या हिशेबात. आणि बोल्टच्या मागे नेमाची रेष धरून तुमचा चेहरा.

आता ‘टिकली’चं बघू. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड सरकारी कारखान्यातल्या १९०३ मॉडेलच्या रायफली जास्त दाबाच्या काडतुसाने तपासूनच बाहेर पडत. तरी १९१७ मध्ये काहींचे रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो पोलादी सांगाडा) फुटले. शोध घेतला तेव्हा कळलं, की भट्टीवरचे कारागीर पोलादाचा रंग डोळ्यांनी बघून तापमान ठरवत होते. पुरी हयात त्या कामात गेलेली माणसं, बरं का! पण लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेला तुकडा फिका दिसतो, म्हणून तो आणखी तापवला जायचा. ढगाळ दिवसाच्या आणि उन्हाच्या दिवसाच्या ‘बरोबर’ रंगात दीडशे अंश सेल्सिअसहून जास्त फरक निघाला. पोलाद जळून ठिसूळ झालेलं, बाहेरून मात्र कळायला काही मार्ग नाही. असले रिसीव्हर हातोड्याच्या घावानेही फुटत. चाचणीतला संथ चढणारा दाब त्यांनी सोसला. केस फाटून गॅस मागे घुसला, त्या हिसक्याला मात्र तुकडे झाले.

दोरीवाल्या चाचणीत तुम्हाला यातलं काय दिसणार होतं? काही नाही. उलट त्याच बाराने न दिसणारी बारीक चीर पडली, तर पुढच्या बाराला रायफल आधीपेक्षा कमजोर असणार आणि तुमचा विश्वास आधीपेक्षा जास्त. कमी दारूचा बार तर त्याहून फसवा, कारण खऱ्या दाबाबद्दल तो काहीच सांगत नाही.

म्हणून अधिकृत प्रूफ हाउस, म्हणजे बंदुका तपासून शिक्का देणाऱ्या संस्था, असतात. बर्मिंगहॅमचं १८१३ पासून आहे, लंडनमधली परंपरा तर १६३७ ची. सी.आय.पी. या बंदूक-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत रायफलमधून कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाचं काडतूस बंदिस्त जागेत उडवतात, नंतर मापं आणि धातू पुन्हा तपासतात, मग शिक्का. शिवाय त्यामागे त्या पोलादाच्या तुकडीचा, उष्णता-प्रक्रियेचा सगळा कागद असतो. तुमच्या पोलादाचा कागद आहे का? (‘ट्रकच्या ॲक्सलचं आहे, मजबूत असतं’ हे उत्तर मी बऱ्याच वेळा ऐकलंय.)

कायद्याचंही ऐका. बऱ्याच देशांत विनापरवाना हत्यार बनवणं हा गुन्हा आहेच, चाचणी घेणं हाही वेगळा गुन्हा धरतात. तेव्हा तुमच्या नमुन्यात काडतूस घालू नका, कुणाला दाखवत फिरू नका, आणि ती वस्तू रीतसर कशी सोपवायची ते आधी वकिलाला विचारा. या कामाचा नाद खरा असेल तर परवानाधारक कारखान्यात नाहीतर धातू-तपासणीच्या प्रयोगशाळेत शिरा. फुटलेले भाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळतात, पगारही मिळतो.