कूलंटचा दिवा लागला तर

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. डॅशबोर्डवरचा त्याचा दिवा निळा असेल तर काळजी नको. इंजिन अजून गार आहे एवढंच, थोडं चाललं की विझतो. लाल असेल आणि तापमानाचा काटाही वर चढला असेल तर गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. ‘गॅरेजपर्यंत जाईल की’ म्हणणाऱ्यांचंच हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) जातं.

गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण अजिबात उघडू नका, आत दाब असतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग सपाट जागेवर टाकीतली पातळी मिन-मॅक्सच्या खुणांमध्ये आहे का बघा.

कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. ते गेलं कुठे ते शोधा. होज, क्लिपा, वॉटर पंपाखालची जागा टॉर्च मारून बघा. गळती सुकली की पांढरट किंवा रंगीत डाग उरतो, थेंबापेक्षा तो लवकर सापडतो. पुढचं कार्पेट ओलं-चिकट आणि काचेवर सारखं धुकं? हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, त्यातूनही कूलंट वाहतं) तपासा. बाहेर काहीच नाही, पण सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, म्हणजे कूलंट इंजिनात जळत असावं, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

पातळी बरोबर, काटाही जागेवर, तरी दिवा? बहुतेकदा टाकीतला लेव्हल सेन्सर नाहीतर त्याचा कनेक्टर. पातळी बरोबर पण इंजिन तापतंय? आधी रेडिएटरचा फॅन फिरतोय का बघा, मग थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडबंद करणारा व्हॉल्व्ह).

आणि कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भरा. नुसता रंग जुळवून घेऊ नका, तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.