वाचकांचे प्रश्न : फोनमधले नंबर नेमके असतात कुठे?

पावसाळा सरत आला की आमच्या टपालात भिजलेल्या, बंद पडलेल्या आणि घाईघाईने बदललेल्या फोनांची पत्रे वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : नवा फोन आला, पण त्यात नंबर आले नाहीत, किंवा आले, पण अर्धेच. त्यातल्या निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या सोयीसाठी गाळली आहेत.

प्रश्न : जुलैत माझा अँड्रॉइड फोन पावसात भिजला. तो सुरू होतो, पण पडद्याच्या खालच्या भागाला बोट लावले तर काहीच होत नाही. म्हणून नवा फोन घेतला. दुकानदाराने तो चालू करून दिला, मात्र त्यात माझे जेमतेम निम्मे नंबर आले. नवल म्हणजे वर्षानुवर्षांचे जुने नंबर आले आणि गेल्या दोन-तीन वर्षांतले आले नाहीत. जुना फोन आता एक्स्चेंजमध्ये देऊन टाकावा काय?
— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर : तूर्त तो फोन कोणालाही देऊ नका आणि रीसेट तर मुळीच करू नका, कारण तुमचे उरलेले नंबर बहुधा अजून त्यातच आहेत. पडद्यावर नावांची यादी एकच दिसत असली, तरी त्यातली काही नावे सिम कार्डावर, काही फोनच्या मेमरीत आणि काही गूगल खात्यात साठवलेली असतात. नव्या फोनवर गूगल खाते उघडले की त्या खात्यातली नावे तेवढी आपोआप येतात. सिमवरची सिमबरोबर जातात आणि फोनच्या मेमरीतली जागच्या जागी राहतात. तुमचे जुने नंबर आले आणि अलीकडचे आले नाहीत, याचा अर्थ दोन-तीन वर्षांपूर्वी केव्हातरी नंबर साठवण्याची जागा बदलली असावी. नवे नाव घालताना 'कुठे सेव्ह करायचे?' असा प्रश्न फोन विचारतो, आपण घाईत 'फोन' किंवा 'डिव्हाइस' यावर बोट ठेवतो आणि पुढची सगळी नावे मुकाट्याने तिथेच जमा होत राहतात.

हे पडताळणे सोपे आहे. जुन्या फोनवर, न आलेल्यांपैकी एखादे नाव उघडा आणि ते दुरुस्त करण्यासाठी पेन्सिलीचे चिन्ह दाबा. बहुतेक फोनांत वरच्या बाजूला ते नाव कोठे साठवले आहे ते लिहिलेले असते. तेथे जीमेलचा पत्ता असेल तर एक गोष्ट, 'डिव्हाइस' किंवा 'फोन' असेल तर दुसरी.

'डिव्हाइस' असेल तर गूगलच्या 'कॉन्टॅक्ट्स' ॲपमधील 'ऑर्गनाइज' या भागात जाऊन 'एक्स्पोर्ट टू फाइल' हा पर्याय घ्यावा. सर्व नावांची एक व्हीसीएफ फाइल, म्हणजे कोणत्याही फोनला वाचता येणारी नाव-नंबरांची फाइल, तयार होते. ती ब्लूटूथने किंवा स्वतःलाच ई-मेल करून नव्या फोनवर आणावी आणि उघडताना जागा म्हणून गूगल खाते निवडावे. पडद्याचा खालचा भाग चालत नसल्यामुळे तुमची अडचण होईल, पण तिच्यावर दोन उपाय आहेत. फोन आडवा धरला की बटणे पडद्याच्या चालत्या भागात सरकतात, आणि तेवढ्याने बरेचदा काम भागते. ते जमले नाही तर ओटीजी नावाचा छोटा जोड आणून त्याला संगणकाचा साधा माउस लावावा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत पडद्यावर बाण उमटतो आणि बोटाची गरज राहत नाही. चार्जिंगचे भोक पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करूनच हा जोड लावावा, हे पावसात भिजलेल्या फोनाबाबत वेगळे सांगायला हवे.

जीमेलचा पत्ता दिसत असेल, तर तो लक्षपूर्वक वाचा. तो तुमचाच आहे काय? आपल्याकडे फोन विकताना दुकानातच गिऱ्हाइकासाठी नवे जीमेल खाते उघडून देण्याची पद्धत सर्रास आहे. पासवर्ड एखाद्या बिलाच्या पाठीवर लिहिलेला असतो किंवा कोठेच नसतो, आणि गिऱ्हाइकाला असे खाते आहे याचाही पत्ता नसतो. पुढच्या खरेदीच्या वेळी आणखी एक खाते उघडले जाते आणि मागची नावे मागच्या खात्यात राहतात. ही पद्धत आम्हाला मुळीच पसंत नाही. खाते उघडायचे तर ते गिऱ्हाइकाच्या हाताने आणि त्याच्या वहीत नोंद करून उघडावे. तुमच्या बाबतीत तसे झाले असेल, तर त्या खात्याचा पासवर्ड परत मिळवण्याचा प्रयत्न जुन्याच फोनवरून, घरच्याच वायफायवर करा, कारण ओळखीच्या उपकरणावरून आणि नेहमीच्या ठिकाणाहून केलेला प्रयत्न गूगल अधिक विश्वासाने स्वीकारते. हे काम लांबणीवर टाकू नका. सलग दोन वर्षे न वापरलेले खाते बंद करून त्यातला मजकूर पुसण्याचे धोरण गूगलने २०२३च्या डिसेंबरपासून अमलात आणले आहे.

नावे कोणत्याच मार्गाने मिळाली नाहीत, तरी अँड्रॉइडचा बॅकअप चालू असल्यास त्यात आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी असते आणि त्या यादीत निदान आकडे सापडतात. फोन ५७ दिवस वापरात नसेल तर हा बॅकअप पुसला जाऊ शकतो, तेव्हा जुलैत भिजलेल्या फोनाबाबत आता उशीर नको.

प्रश्न : आमच्या देवस्थान समितीचा एक सामाईक फोन आहे. त्यात मुंबई, बेळगाव आणि परदेशात विखुरलेल्या महाजनांचे, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार सभासदांचे, नंबर आहेत. तेच गूगल खाते समितीच्या इतर चौघांनी सोयीसाठी आपापल्या फोनवर उघडले. मागच्या आठवड्यात त्यांतल्या एकाने 'मला एवढी नावे नकोत' म्हणून ती स्वतःच्या फोनवरून डिलीट केली, आणि सर्वांच्याच फोनवरून ती नाहीशी झाली. जत्रा तोंडावर आली आहे. नावे परत मिळतील काय? बॅकअप चालू असताना हे झालेच कसे?
— समितीचे सचिव, पेडणे तालुका

उत्तर : जे चालू होते ते सिंक होते, बॅकअप नव्हता. सिंकचे काम सर्व उपकरणांवर एकच यादी ठेवणे एवढेच आहे. एका फोनवर घातलेले नाव ते इतर फोनांवर पोचवते, आणि एका फोनवर पुसलेले नाव तितक्याच इमानाने सगळीकडून पुसते. बॅकअप म्हणजे यादीची अशी प्रत, की मूळ यादीत काहीही झाले तरी तिच्यात बदल होत नाही. तुमच्या समितीकडे अशी प्रत नव्हती.

तरीही नावे परत मिळतील, कारण आठवडाच झाला आहे. संगणकावर समितीचे खाते उघडून कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम या ठिकाणी जावे. डावीकडे 'ट्रॅश' आहे. पुसलेली नावे तेथे ३० दिवस राहतात. ती निवडून 'रिकव्हर' दाबले की पूर्ववत यादीत येतात आणि थोड्याच वेळात पाचही फोनांवर दिसू लागतात.

त्याच ठिकाणी सेटिंग्जमध्ये 'अन्डू चेंजेस' नावाचा आणखी एक पर्याय आहे. सबंध यादी तासाभरापूर्वी, काल, आठवड्यापूर्वी किंवा ३० दिवसांच्या आतल्या कोणत्याही क्षणी जशी होती तशी तो करून देतो. तो मोहात पाडणारा आहे, पण त्याच्या वाटेला शेवटीच जावे, कारण त्या क्षणानंतर घातलेली नवी नावे आणि केलेल्या दुरुस्त्याही त्याबरोबर जातात. या आठवड्यात मंडपवाल्याचा, बँडवाल्याचा किंवा नव्या महाजनांचा नंबर घातला असेल, तर आधी 'एक्स्पोर्ट' करून आजच्या यादीची फाइल काढून ठेवा आणि मगच मागे जा.

नावे परत आल्यावर महाजनांच्या नावांना एक 'लेबल' लावा, म्हणजे तेवढ्यांचीच यादी वेगळी काढता येईल. तिची व्हीसीएफ फाइल समितीच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवावी, फाइलच्या नावात तारीख घालावी, आणि समिती बदलताना दफ्तर आणि चाव्यांबरोबर तो पेन ड्राइव्हही सुपूर्द करावा. एक्सेलमध्ये पाहण्यासाठी सीएसव्ही (तक्त्याच्या साध्या रूपातली) फाइल काढली, तर देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसण्याचा संभव आहे. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या 'डेटा' भागातून ती आयात करताना यूटीएफ-८ ही देवनागरी ओळखणारी अक्षरपद्धत निवडली की अक्षरे नीट दिसतात. मात्र चिन्हे दिसत असताना ती सेव्ह करू नये, कारण मग ती खरोखरच बिघडते.

चौघांच्या फोनवरून समितीचे खाते काढून टाकणे उत्तम. ज्याला नंबर हवे असतील त्याला फाइल द्यावी. मग त्याने आपल्या यादीत काहीही पुसले तरी समितीच्या यादीला धक्का लागणार नाही. ही फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. महाजनांनी आपले नंबर देवस्थानाला दिलेले आहेत, गावाला नव्हे.

प्रश्न : माझा मुलगा नुकताच बहारीनला नोकरीला गेला. तेथील सिम घेऊन त्याने व्हॉट्सॲपही त्याच नंबरावर बदलून घेतले. आता घरच्यांची निम्मी नावे त्याला व्हॉट्सॲपमध्ये दिसत नाहीत, आणि आमच्या घरच्या लँडलाइनवर फोन लागत नाही. नंबर तर फोनमध्ये दिसतात!
— एक गृहिणी, मडगाव

उत्तर : नंबर आहेत, पण ते गोव्यात बसून लिहावेत तसे लिहिलेले आहेत. देशाचा क्रमांक नसलेला नंबर व्हॉट्सॲप आपल्या स्वतःच्या नंबराच्या देशातला समजते. मुलाचा नंबर भारतीय होता तोवर दहा आकडी नंबर भारतातले मानले जात होते. आता ते बहारीनचे मानले जातात आणि जुळत नाहीत. ज्या नावांपुढे आधीपासून +९१ आहे ती त्याला अजून दिसत असतील. उरलेल्या प्रत्येक मोबाइल नंबरापूर्वी +९१ घालावे. लँडलाइनसाठी गोव्याचा ०८३२ हा क्रमांक लिहिताना सुरुवातीचे शून्य गाळून +९१ ८३२ आणि पुढे घरचा नंबर असे लिहावे. हे काम फोनवर एकेक करत बसण्यापेक्षा संगणकावर लवकर आटोपते. बोटीवर कामाला असलेल्यांनी, ज्यांचे सिम बंदरागणिक बदलते, घर सोडण्यापूर्वीच हे करून घ्यावे. भारतात असतानाही +९१ लावलेला नंबर बिनदिक्कत लागतो, तेव्हा त्यात तोटा काहीच नाही.

प्रश्न : माझ्या फोनवर सिंक कित्येक दिवस अडकून पडले आहे. शिवाय 'स्टोरेज भरले' असा संदेश येतो. पैसे भरल्याशिवाय नंबर सुरक्षित राहणार नाहीत काय? एका मित्राने 'क्लिअर स्टोरेज' करण्यास सांगितले आहे.
— एक वाचक, वाळपई

उत्तर : मित्राचा सल्ला आज ऐकू नका. 'क्लिअर कॅश' निरुपद्रवी आहे. 'कॉन्टॅक्ट्स स्टोरेज'वर 'क्लिअर स्टोरेज' केल्यास फोनच्या मेमरीतली, खात्यात न गेलेली नावे कायमची जातात. आधी पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे नावांची फाइल काढा.

सिंक अडकण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात : बॅटरी सेव्हर किंवा डेटा सेव्हर चालू असणे, खात्याच्या सेटिंग्जमधील आपोआप सिंक बंद असणे, पासवर्ड बदलल्यावर फोनवर पुन्हा लॉग-इन न करणे, किंवा फोनमधली तारीख-वेळ चुकीची असणे. सिग्नल जेमतेम असेल तेथे चांगले वायफाय मिळेल तेव्हा फोन चार्जिंगला लावून सिंक हाताने सुरू करावे. स्टोरेजचा संदेश वेगळ्याच कारणाने येतो. गूगल १५ जीबी जागा फुकट देते, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून वापरतात, आणि आता अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच हिशेबात धरला जातो. जागा बहुधा ग्रुपांवरच्या व्हिडिओंनी खाल्ली असेल. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. नंबरांसाठी पैसे भरण्याची गरज नाही.

प्रश्न : अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला. आता बरीच नावे दोनदा दिसतात, आणि आयफोनवर घातलेले नवे नाव कार्यालयातील संगणकावर गूगलमध्ये येत नाही.
— एक वाचक, वास्को

उत्तर : एक प्रत आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन खात्यात, आणि एक गूगलमध्ये असावी. सेटिंग्जमध्ये (आयओएस १८पासून तेथील 'ॲप्स' भागात) 'कॉन्टॅक्ट्स' उघडून 'डिफॉल्ट अकाउंट' जीमेल करा. यापुढची नावे संगणकावर दिसतील. आधी आयक्लाउडमध्ये गेलेली नवी नावे मात्र स्वतःहून येणार नाहीत, ती फाइल काढून गूगलमध्ये आयात करावी लागतील. दुहेरी नावांसाठी आयओएस १६पासून यादीच्या शीर्षस्थानी ती एकत्र करण्याची सोय आहे. काही बिनसलेच तर आयक्लाउड डॉट कॉमवरील 'डेटा रिकव्हरी'मध्ये गेल्या ३० दिवसांतल्या प्रती मिळतात.

प्रश्न : आईला साधा बटणांचा फोन घेतला आहे. माझ्या स्मार्टफोनमधले नंबर सिमवर उतरवून तिला देता येतील काय?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : येतील, पण सगळे नव्हेत. सिमवर साधारण २५० नावे मावतात, बहुधा एका नावाला एकच नंबर राहतो, आणि नावाची लांबी मर्यादित असते. देवनागरीत तर ती रोमन लिपीच्या निम्म्याच्या आसपास येते. त्यामुळे 'शेजारची सुमनमावशी' याचे 'शेजारची' एवढेच उरण्याची शक्यता आहे. आईला रोज लागणारे पंधरा-वीस नंबर निवडा, नावे 'सुमन', 'डॉक्टर', 'पोदेर' (पाववाला) अशी आखूड करा आणि मगच 'सिमवर एक्स्पोर्ट' करा. काही नव्या फोनांत हा पर्याय मिळत नाही. तसे असल्यास तेवढे नंबर तिच्याच फोनवर हाताने घालणे सर्वांत लवकर होईल.